गळालेली चार पाने

निवृत्त न्यायाधीश शेडबाळे यांनी चष्मा पुसला आणि चौकशी-अहवालाच्या मसुद्यातला सातवा परिच्छेद पुन्हा एकदा, या खेपेस माझ्यासाठी म्हणून, सावकाश वाचला.

“‘श्रीमती शरयू मगदूम, सहसंशोधक, यांना निद्राविकार असून त्यावरील औषधाचा त्यांना उपयोग होत नव्हता. अशा अवस्थेत त्यांनी पोथीची गळालेली चार पाने स्वतः रचली, आणि ती निपाणीच्या एका घराण्याकडील प्रतीत मिळाली असे सांगून संपादकांच्या हवाली केली. संपादकांनी ती सद्भावनेने छापली.’ मगदूम बाई, यावर काही म्हणायचं आहे?”

सकाळचे अकरा वाजले होते. मिरजेतल्या आमच्या हस्तलिखित मंडळाच्या वाचनगृहात एरवी पोथ्या उघडल्या जात, त्याच लांब टेबलाशी त्या दिवशी चौकशी समिती बसली होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्या पोथीचे संपादक, म्हणजे माझे गुरू डॉ. अनंतराव हुपरीकर, गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला अडकवलेले भिंग बोटांत फिरवीत खिडकीबाहेर पाहत होते.

मी पुरावा मागितला. शेडबाळ्यांनी अकरा कागद माझ्याकडे सरकवले. रेघी कागद, त्यांवर शिसपेन्सिलीने लिहिलेला मजकूर.

“अक्षर कुणाचं?”

“माझं.”

“म्हणजे तुम्ही लिहिलंत.”

“मला आठवत नाही.”

“म्हणजे नाकारत नाही.”

ही दोन वेगळी विधाने आहेत, असे मी म्हणाले. कोर्टात पस्तीस वर्षे आपण हेच वाक्य ऐकत आलो, असे ते हसून म्हणाले आणि लेखी उत्तरासाठी त्यांनी मला आठ दिवस दिले. उत्तर पटले नाही तर बडतर्फी. आणि कारणासह त्याचे पत्र राज्यातल्या प्रत्येक हस्तलिखित संग्रहाला. ज्या बाईने सतराव्या शतकाच्या तोंडी आपले शब्द घातले, तिला यापुढे कोणी पोथी हाताळू देणार नव्हते. दुसरे कोणतेही काम मला येत नव्हते आणि करावेसे वाटत नव्हते.

परिच्छेदात माझ्याविषयी तीन विधाने होती. निपाणीला मी जन्मात कधी गेले नव्हते. तेव्हा तिसरे खोटे होते, पण ते खोटे असल्याला माझ्या शब्दाखेरीज पुरावा नव्हता. दुसऱ्याविषयी मी काहीच सांगू शकत नव्हते. मात्र पहिले विधान समितीने कुणाही डॉक्टरला न विचारता लिहिले होते, आणि ते धडधडीत चूक होते. औषधाचा मला उपयोग झाला होता. किती झाला होता हे कळायला त्याआधीची अठरा वर्षे सांगावी लागतील.

सोळाव्या वर्षापासून मी दिवसा झोपत असे. पेंगत नसे, झोपत असे: वाक्याच्या मध्यावर, जेवताना, एकदा बँकेच्या रांगेत उभ्याउभ्या. घरात मला आळशी म्हणत, कॉलेजात त्याहून वाईट. खळखळून हसले की गुडघ्यांतले बळ जाई आणि मी जमिनीवर बसे, म्हणून मी हसणे सोडले. माझ्या गंभीरपणाची जी ख्याती आहे तिचे मूळ हे आहे. झोपेत शिरताना किंवा तीतून निघताना डोळे उघडे राहत, शरीर मात्र दगडासारखे पडून असे, आणि खोलीत कोणीतरी आलेले दिसे. ओरडता येत नसे. घटकाभराने ते माणूस नाहीसे होई आणि बोट हलवता येई.

चौतिसाव्या वर्षी डॉ. रेहाना बारगीर यांनी या सगळ्याला एकच नाव दिले. मेंदूत जागेपणा धरून ठेवणारे जे द्रव्य असते ते तुमच्यात जवळजवळ उरलेले नाही, असे त्या म्हणाल्या. “तुमचा यात काही दोष नाही, शरयूताई.” हे वाक्य मला कोणी प्रथमच ऐकवत होते. त्यांनी पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या: एक सकाळी, एक दुपारच्या जेवणानंतर. “हे औषध झोप पुसत नाही, थोपवतं. हसल्यावर पाय जातात त्याला याचा फारसा उपयोग नाही, ते आपण नंतर बघू. पण दुपार तुमची तुम्हाला परत मिळेल.”

मिळाली. चौथ्या दिवशी दुपारी दोनला मी एक जुने पत्र वाचायला घेतले आणि ते शेवटपर्यंत वाचले. मग मान वर केली तर उन्हाची तिरीप टेबलाच्या दुसऱ्या कडेला गेली होती आणि ती तिथे जाताना मी पाहिली होती. ज्यांचे दिवस अखंड असतात त्यांना यात सांगण्यासारखे काय आहे ते कळणार नाही. माझ्या दिवसाला पाने गळालेली असत. आता क्रमांक सलग लागू लागले.

डॉक्टरांनी मला एक वहीही ठेवायला सांगितली. जे आभास दिसतील ते तारीखवार लिहायचे आणि मग तपासायचे: त्याची काही खूण मागे राहिली का? राहिली नसेल तर तो आभास, सोडून द्यायचा. मी पाठसंपादक असल्यामुळे अशा नोंदींना चौकटी कंस घालत असे. आम्ही पोथीत नंतर कोणी घुसडलेल्या ओळींना तोच कंस घालतो.

आता पोथीविषयी. सतराव्या शतकात एका गडावर घटिका मोजणारा जो माणूस होता त्याने ती लिहिली होती. पाण्याच्या घंगाळात भोकाचे तांब्याचे पात्र सोडायचे, ते भरून बुडाले की काशाच्या तासावर टोला द्यायचा, पुन्हा पात्र सोडायचे. पात्र बुडताना डोळा लागला तर सबंध गडाची वेळ चुकणार. तेव्हा जागे कसे राहावे, हाच पोथीचा खरा विषय होता. लेखकाचे नाव नव्हते. आम्ही त्याला तासकरी म्हणत असू. पोथी एकच होती आणि तिची सदतीस ते चाळीस ही पाने गळालेली होती. हुपरीकर सरांनी तीस वर्षे ती पाने शोधली. इनामदारांच्या माड्या, देवळांचे कोनाडे, वाण्यांचे फडताळ, काही सोडले नाही.

आमचे काम दोघांचे असे. एकाने पोथी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने लिहून घ्यायचे. सर वाचत, मी लिहीत असे. पोथीजवळ शाई आणायची नाही, म्हणून पेन्सिल. पिशव्या टेबलाशी आणायच्या नाहीत, म्हणून माझी पिशवी समोरच्या भिंतीवरच्या खुंटीला, अर्ध्या पडद्याआड. हात धुऊन कोरडे केल्याशिवाय पोथीला स्पर्श नाही. आणि लिहायचे कागद मंडळ मोजून देई, प्रत्येकावर त्या दिवसाचा शिक्का मारून. पाच वाजता सर ते सगळे गोळा करीत, वाया गेलेलेसुद्धा. हे नियम सरांनीच केले होते.

मला झोप लागली की सर पितळी वाटीवर पेन्सिलीने टोला देत. “मगदूम, पात्र बुडालं,” असे म्हणत. त्यात उपहास नव्हता. माझ्या आजाराला नाव मिळण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांनी मला या टेबलाशी बसू दिले होते. दुसऱ्या कोणी दिले नसते.

औषध सुरू झाल्यावर वाटी वाजेनाशी झाली, कारण वाजवायची वेळच येईना. चौदा महिन्यांत आम्ही पोथीचा उरलेला भाग दोनदा ताडून पाहिला. सर खूश असतील असे मी धरून चालले होते. एकदा चहा पिताना ते म्हणाले, “पूर्वी तुझं अक्षर जास्त देखणं यायचं. आता फार जागं वाटतं.” मी त्याला विनोद समजले, आणि सवयीप्रमाणे हसले नाही.

मग माझ्या दुपारी पुन्हा बुडू लागल्या. पावसाळा सरता सरता. जेवण, गोळी, हात धुणे, खुर्ची, आणि अर्ध्या तासात मी नसे. डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी थोडे थांबून पाहू म्हटले. काहींना मधूनच असा उतार पडतो. आणि तो माणूस परत आला. डोळे उघडे, अंग दगड, आणि समोर खुंटीपाशी पाठमोरा एक वृद्ध. पडद्याआड हात घालून माझ्या पिशवीतली डबी काढी, उघडी, काहीतरी करी, मिटी. एकदाही वळून पाहत नसे. गळ्याशी काळा दोरा.

वहीत मी हे नऊ वेळा लिहिले. नऊ वेळा कंस घातला. काळ्या दोऱ्याविषयी समासात टीपही केली: दिवसा जे डोळ्यांसमोर असते त्यातूनच मन उसने घेते. नऊ वेळा तेच दिसले, तर ते खरे का मानू नये, असा प्रश्न मला पडलाच नाही असे नाही. पण आमच्या शास्त्राचा एक नियम आहे. एकाच प्रतीवरून उतरलेल्या नऊ प्रती म्हणजे नऊ साक्षी नव्हेत; ती एकच साक्ष. नऊही आभास एकाच डोक्यातून उतरले होते. मी ते शास्त्रशुद्ध रीतीने फेटाळले.

दिवाळीनंतर पुस्तक आले. मला आजारपणामुळे मुद्रितशोधनातून मोकळे केले होते, त्यामुळे सदतीस ते चाळीस ही पाने मी इतरांबरोबरच, छापलेली पाहिली. प्रस्तावनेत सरांनी निपाणीची प्रत ‘एका सहकाऱ्याच्या परिश्रमाने उपलब्ध झाली’ असे लिहिले होते. मी विचारले तर, सगळं यथावकाश सांगतो, म्हणाले. दोन महिन्यांत धारवाडहून एका अभ्यासकाचे पत्र आले. सबंध पोथीत पानागणिक लेखनाच्या चुका आहेत. या चार पानांत एकही नाही. ती प्रत पाहता येईल का? प्रत नव्हती. सरांनी सहकाऱ्याचे नाव सांगितले आणि त्याच्या हस्ताक्षरातले अकरा कागद समितीपुढे ठेवले.

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी मी त्या कागदांच्या छायाप्रती घेऊन डॉ. बारगीरांच्या दवाखान्यात गेले. आदल्या संध्याकाळी मी ते सगळे वाचून काढले होते. भाषा तासकऱ्याची होती. अकरा वर्षे मी त्याचे प्रत्येक वाक्य हाताने उतरवले होते. त्याला क्रियापद कुठे ठेवायला आवडते हे मला माझ्या आईच्या बोलण्यापेक्षा अधिक ठाऊक होते. पण ही वाक्ये मी कधी वाचली नव्हती. अक्षर माझे, आणि शांत, गोल, घाई नसलेले. देखणे.

“झोपेत माणूस लिहू शकतो का?” मी विचारले.

“तुमच्या आजारात हात चालू राहतो. भाजी चिरत असाल तर चिरत राहता, लिहीत असाल तर लिहीत राहता. मागाहून आठवत नाही. बहुतेकांचं लिहिणं मात्र गिचमिड असतं, रेघोट्या नुसत्या.”

मी छायाप्रती पुढे केल्या. त्यांनी दोन-तीन ओळी वाचल्या आणि कागद टेबलावर पालथे घातले.

“मग समिती म्हणते ते खरं?”

“ते मला कसं कळणार? मला औषधाचं कळतं. उपयोग होत नव्हता, हे त्यांना कुणी सांगितलं?”

“हुपरीकर सरांनी. दुपारी मी झोपते हे सगळ्यांनी पाहिलंय.”

“आणि सकाळी?”

सकाळी झोपत नाही, मी म्हणाले. रविवारी? हे त्यांनी वर न पाहता विचारले. मला आठवावे लागले. रविवारी दुपारी मी घरी धुणे वाळत घालते, वाचते, बहिणीकडे जाते. रविवारी झोप येत नाही.

“रविवारची दुपारची गोळी कुठून घेता?”

“पाकिटातून. मंडळात फक्त डबी नेते.” सहा कप्प्यांची डबी त्यांनीच सुचवली होती, घेतली की नाही ते विसरायला नको म्हणून.

त्यांनी हात पुढे केला. डबी पिशवीत होती, शनिवारचा कप्पा अजून भरलेला; चौकशीच्या धांदलीत मी तो रिकामा केला नव्हता. डॉक्टरांनी गोळी तळहातावर घेतली, उलटी केली, मग कपाटातून नमुन्याचे पाकीट काढून त्यातली एक शेजारी ठेवली. दोन्ही पांढऱ्या, गोल, एवढ्याएवढ्याच. पाकिटातल्या गोळीच्या मधोमध रेघ होती. डबीतली गुळगुळीत.

“ही मी दिलेली गोळी नाही,” त्या म्हणाल्या. “पित्ताची आहे ही. तुमच्या डबीला कोण हात लावतं?”

“कुणी नाही.”

“नीट आठवा.”

“कुणी नाही, डॉक्टर. तो सोडून.”

त्यांनी वही मागितली. मी नऊ नोंदी क्रमाने वाचून दाखवल्या, कंसांसकट. वाचताना माझा आवाज अगदी सपाट होता, हे मला आठवते, कारण त्यांनी मला पाणी दिले आणि मला त्याची गरज वाटली नाही.

“पित्ताची गोळी तुमच्या मंडळात कोण घेतं?”

सर घेत. जेवण झाल्यावर, रोज, टेबलाशीच.

“आणि ती वाटी?” त्या म्हणाल्या. वाटीची गोष्ट मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितली होती. “आता तुम्ही झोपता तेव्हा वाजवतात का?”

 परत आलेल्या त्या झोपेच्या चौदा आठवड्यांत वाटी एकदाही वाजली नव्हती. जागी होई ती पाचला, सरांनी कागद गोळा करण्याच्या आवाजाने. “आजचा वाया गेला,” असे म्हणून ते माझ्यापुढचा कागद हळूच ओढून घेत. इतक्या हळू, की मला ती माया वाटे.

घरी आल्यावर मी छायाप्रतींवरचे शिक्के पाहिले. समितीने मजकूर वाचला होता, शिक्के वाचले नव्हते. अकरांपैकी सहा कागद औषध सुरू होण्यापूर्वीच्या तीन महिन्यांतले होते. त्यानंतर चौदा महिने एकही नाही. मग पुन्हा पाच. औषध माझ्यावर चालत होते तेवढा काळ पोथीची गळालेली पाने गळालेलीच राहिली होती. याहून चोख दाखला औषध बनवणाऱ्यांनाही देता आला नसता.

मग शेवटचा कागद. त्यावरची तारीख माझ्या वहीतल्या सहाव्या नोंदीची होती. मी छापील पुस्तक उघडले. एकोणचाळिसावे पान, तासकरी आपल्या पहाऱ्याविषयी सांगतो आहे:

‘घंगाळीं पात्र सोडिलें. डोळा उघडा, हात जड. वृद्ध येतो. पडद्याआड हात घालितो. डबी उघडितो. एक काढितो, एक ठेवितो. रंग तोच, गुण तो नव्हे. मी देखतों. माझें देखणें मीच मानीत नाहीं.’

त्याला सरांची तळटीप होती: ‘घटिका मोजण्यासाठी डबीत कवड्या ठेवण्याची पद्धत असावी. वृद्ध म्हणजे पाळी बदलणारा दुसरा पहारेकरी.’

मी माझ्या वहीतली सहावी नोंद काढली. जागेपणी, तासाभराने, चौकटी कंसात मी जे लिहिले होते तेच हाताने झोपेत, त्या क्षणी, सतराव्या शतकाच्या बोलीत लिहून ठेवले होते. कंस न घालता.

त्या दुपारी मी घरात दिवे लावले. उजेड भरपूर होता, तरी लावले. समोरच्या भिंतीवर कॅलेंडरची खुंटी होती; ती काढून टाकली.

आठव्या दिवशी मी समितीपुढे चार वस्तू ठेवल्या: दोन गोळ्या, वही, शिक्क्यांची यादी आणि पुस्तक, एकोणचाळिसाव्या पानाशी खूण घालून. डॉ. बारगीर यांचे पत्र होते. शेडबाळ्यांनी सर्व वाचायला बराच वेळ घेतला. मग ते सरांकडे वळले.

“हुपरीकर सर, हे पान तुमच्या नजरेखालून गेलं होतं?”

सरांनी पुस्तक हातात घेतले. भिंग लावून ती ओळ वाचली, जणू पहिल्यांदाच. मग पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवले.

“शरयू,” ते म्हणाले, “पुढं काय लिहिलं असतंस?”

“मला ठाऊक नाही, सर.”

“चाळिसावं पान अर्ध्यावर तुटलं आहे. पात्र बुडालेलं आहे आणि टोला पडलेला नाही. तिथंच थांबलीस तू. पुढे एक ओळ दिली नाहीस.” त्यांच्या बोलण्यात तक्रार होती. शेडबाळे मध्ये काही विचारू लागले तर त्यांनी हाताने त्यांना थांबवले. “ही लिहीत नव्हती, न्यायाधीशसाहेब. हिच्या हातून लिहिलं जात होतं. मी शेजारी बसून पाहिलंय. डोळे उघडे, ओळ कुठे वर नाही, खाली नाही. खोडलेलं एक अक्षर नाही.”

अंगात येणे म्हणजे भोंदूगिरी, या विषयावर सरांचे तीन निबंध आहेत. त्यांतल्या दोहोंच्या तळटिपा मी तपासल्या होत्या. मी त्यांना विचारले की निपाणीचे घराणे आणि माझे नाव तरी कशासाठी. प्रतीला एक ठिकाण द्यावे लागते, ते म्हणाले. आणि पत्र आल्यावर एक नाव द्यावे लागले.

“तिची दुपार तुम्ही काढून घेतलीत,” शेडबाळे म्हणाले. “तिला नोकरीवरून काढा म्हणून आम्हाला सांगितलंत.”

“दुपार,” सर म्हणाले. तो शब्द ते तपासून पाहत असावेत. “तीस वर्षं होती माझ्याकडे. काय मिळालं दुपारींत?”

त्यानंतर त्यांनी जबाब दिला, तो लिहून घेतला गेला, वाचून दाखवला गेला आणि त्यांनी त्यावर सही केली; पेन मागून घेतले, कारण त्यांच्या खिशात नेहमीप्रमाणे पेन्सिलच होती. ते गेले तेव्हा जिन्यावर त्यांचे पाऊल अडखळले. हात द्यायला मी उठले नाही.

याला आता सतरा वर्षे झाली. सातवा परिच्छेद रद्द झाला, पुस्तक मागे घेतले गेले, सर पुढच्या वर्षी वारले. गोळ्या मी अजून घेते, सकाळी एक आणि दुपारी एक, पाकिटातून फोडून, रेघेवर नख फिरवून. दुपारी वाचते. पोथीची खरी पाने अद्याप कुठेही सापडलेली नाहीत, त्यामुळे ती चार पाने खोटी आहेत असे मी म्हणते ते भाषेवरून आणि शिक्क्यांवरून. ताडून पाहायला दुसरी प्रत नाही. वहीतले नऊ कंस मी खोडले. दहाव्या नोंदीला अजून कंस आहे: सरांच्या बाराव्याच्या दिवशीची, जागेपणी की झोपेत ते नक्की नाही, वाटीवर एक टोला.

जबाबाची प्रत माझ्याजवळ आहे. कार्यवृत्ताच्या सहाव्या पानावरचा मजकूर विरामचिन्हाचाही फरक न करता उतरवते:

‘गोळ्या मी बदलल्या. श्रीमती मगदूम यांना काही माहीत नव्हते. एकोणचाळिसाव्या पानावरचा वृद्ध मी आहे, हे मला प्रुफे वाचतानाच समजले होते. ती ओळ गाळली असती तर आज मी इथे नसतो. परंतु पोथीत जे आले आहे ते संपादकाने गाळू नये, असे मी आयुष्यभर शिकवले. त्या पुस्तकात पोथीच्या अर्थाविषयी जाणूनबुजून खोटे असे मी एकच लिहिले, ती तळटीप.’